आंबडवे, वणंद आणि बुडालेली बोट

मागच्या लेखानंतर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला: "तुझा विषय कोकणातलं स्थलांतर आहे, मग त्यात लग्नं कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी एका लग्नाच्या गोष्टीतूनच देते. माणसं तुमच्या ओळखीची आहेत, पण ही गोष्ट आपण सहसा नवऱ्याच्या बाजूने वाचतो. आज जरा बायकोच्या बाजूने वाचून बघू.

आधी गावं बघा. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सकपाळ कुटुंबाचं मूळ गाव. गावदेवीच्या पालखीचा मान या घराकडे होता, असं चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. पण पोट काही मानावर भरत नाही. इथली जमीन डोंगरउताराची, पावसाळ्यात भात-नाचणी निघाली तर निघाली, आणि महार कुटुंबाच्या वाट्याला त्यातलंही फार थोडं. त्यामुळे पलटण हाच बाहेर पडायचा रस्ता. आजोबा मालोजी पलटणीत होते, वडील रामजी सुभेदार झाले. पुढे १८९० च्या दशकात सरकारने महारांची भरतीच थांबवली आणि तो रस्ता बंद झाला. राहिली मुंबई.

दुसरं गाव वणंद, दाभोळजवळचं, दापोली तालुक्यातलं. इथले भिकू धोत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. त्यांची मुलगी रमा. आई-वडील दोघंही लवकर गेले आणि काका-मामा या भावंडांना घेऊन मुंबईला, भायखळ्याला आले. लक्षात घ्या, एक घर पलटणीमुळे गाव सोडून गेलं आणि दुसरं पोरकेपणामुळे. दोन्ही घरांची गाठ पडली ती मुंबईत.

लग्न १९०६ चं. काही चरित्रकार साल थोडं पुढचं देतात. रमा नऊएक वर्षांची, भीमराव शाळकरी मुलगा. स्थळ वडिलांनी बघितलेलं. त्या काळात दुसरी पद्धतच नव्हती. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दिवसाचा धंदा उठल्यावर. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्या कोपऱ्यात वधूपक्ष, आणि बसायला बाजारातले दगडी ओटे. हॉल घ्यायची ऐपत नव्हती, हे तर खरंच. पण मला इथे आणखी एक गोष्ट दिसते. बंदरावर मासळी वाहणाऱ्या बापाच्या मुलीचं लग्न बाजारातच लागलं. गाव सुटलं तरी गावाने दिलेली जागा सुटली नव्हती.

आता युद्धाकडे येऊ. डिसेंबर १९१२ मध्ये मुलगा यशवंत झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले. त्याच वर्षी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कला गेले. म्हणजे सासऱ्यांचा आधार गेला, नवरा समुद्रापार, पदरात तान्हं मूल, आणि वय फार तर सोळा. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं.

कोलंबिया विद्यापीठातली ती वर्षं आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीतच. पण त्याच वर्षांत मुंबईत महागाई वाढत होती आणि परळच्या चाळीत एक मुलगी घर ओढत होती. शिष्यवृत्ती एका माणसाच्या शिक्षणाला पुरत होती. घराचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. तो हिशेब रमाबाईंनी आणि घरातल्या इतरांनी भागवला. त्यांनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, हे आठवणींत आणि भीमगीतांत पुन्हा पुन्हा येतं. संशोधक म्हणून अशा गीतांना मी थेट पुरावा मानत नाही. पण समाजाने नेमकं काय लक्षात ठेवायचं ठरवलं, याचा त्या पुरावा नक्कीच आहेत.

१९१६ मध्ये भीमराव न्यूयॉर्कहून लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. तेव्हा वेळ मोठी वाईट होती. त्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजंही सरसकट बुडवत होत्या. ते लंडनहून मार्सेलला आले आणि 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले. सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीवर चढवलेली. भूमध्य समुद्रात एक बोट बुडाल्याची बातमी मुंबईला पोचली.

घरच्यांना कुठे माहीत होतं की माणूस एका बोटीवर आहे आणि पेट्या दुसऱ्या? चौकशी झाली, तारा गेल्या, तेव्हा कळलं की बुडाली ती सामानाची बोट. २१ ऑगस्ट १९१७ ला भीमराव मुंबईला उतरले. पुस्तकं गेली ती गेलीच. नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले, असं कीर सांगतात. त्यातले काही घरखर्चाला दिले आणि उरलेल्यांवर बडोद्याच्या नोकरीचा प्रवास झाला. म्हणजे समुद्रात बुडालेल्या पुस्तकांवर चाळीतली चूल पेटली.

ते मधले दिवस रमाबाईंनी कसे काढले असतील? त्या देवभोळ्या होत्या, उपासतापास करायच्या. पंढरपूरला जायची त्यांची मोठी इच्छा होती. आणि इथेच या संसारातला सगळ्यात अवघड प्रसंग येतो. जे पंढरपूर भक्ताला विठोबापासून लांब ठेवतं, ते आपल्याला कशाला, असं नवऱ्याने समजावलं. आपण आपल्या आचरणाने आणि त्यागाने दुसरं पंढरपूर उभं करू, असंही सांगितलं.

हा प्रसंग भाषणांत नेहमी सांगितला जातो आणि ऐकणारे लगेच नवऱ्याच्या बाजूने मान डोलावतात. मी थोडं थांबते. त्यांचं म्हणणं खरंच होतं. अस्पृश्यांना देवळाबाहेर, चोखोबाच्या समाधीपाशीच थांबावं लागत असे. पण चार मुलं गमावलेल्या आईला विठोबाकडे काय मागायचं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. तिची भक्ती भाबडी म्हणून बाजूला सारली, तर आपण तिच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेतो. रमाबाई २७ मे १९३५ ला गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. विठोबाचं देऊळ सर्वांसाठी खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. रमाबाई असत्या तर पन्नाशीच्या आसपास असत्या.

याला प्रेमकथा म्हणायचं का? तुम्ही ठरवा. ठरवण्याआधी एवढं ध्यानात घ्या: पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केलं, आणि अर्पणपत्रिकेत तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल आणि हालअपेष्टांत आपल्यासोबत सोसण्याच्या तयारीबद्दल लिहिलं. राजकारणावरच्या इतक्या कोरड्या पुस्तकाच्या दारात त्यांनी बायकोला उभं केलं. वडिलांनी जुळवलेल्या लग्नातलं प्रेम असंच उशिरा आणि आडवळणाने कागदावर येतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. स्थलांतराच्या इतिहासात आपण गेलेली माणसं मोजतो, कारण बोटीच्या, पलटणीच्या, कॉलेजच्या वह्यांत त्यांचीच नावं असतात. त्यांच्यामागे ज्यांनी घर धरून ठेवलं, त्यांची नोंद कुठल्या वहीत? ती बहुतेक वेळा लग्नाच्या गोष्टीतच सापडते. म्हणून माझ्या प्रबंधात लग्नं आहेत.

मंडणगडला गेलात तर आंबडव्याचं स्मारक बघालच. तिथून दापोलीमार्गे वणंदलाही जाऊन या. एका गावात जाऊन ही गोष्ट निम्मीच कळते.