मूडबिद्रीचे ताडपत्र आणि आपले कपाट

दिगंबर परंपरेत षट्खंडागमाचे स्थान अनन्यसाधारण आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना हे ज्ञान दिले. त्यावर आचार्य वीरसेनांनी इ. स. 816 मध्ये धवला टीका पूर्ण केली; परंपरा तिचे प्रमाण 72,000 श्लोक सांगते. एवढा विस्तार किती जणांना झेपणार? दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी चामुंडरायासाठी गोम्मटसार रचून त्याचे सार सुमारे 1,700 गाथांत आणले. सार घरोघरी पोहोचले. मूळ मात्र मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत जुन्या कन्नड लिपीच्या ताडपत्रांवर राहिले. यात्रेकरूंना त्याचे दर्शन होई, वाचन नव्हे.

मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्या प्रयत्नाने 1896 च्या सुमारास प्रतिलेखन सुरू झाले. परंतु प्रत मूडबिद्रीबाहेर जाऊ नये, असा तेथील आग्रह होता. त्यामागे केवळ कृपणता नव्हती. ग्रंथाच्या अविनयाचे भय होते. मिरजेचे पं. गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत केली. ती सहारनपूरला गेली आणि तेथून नकला पसरल्या. या कृत्याला कोणी काहीही म्हणो, त्याविना पुढचे घडले नसते. (प्रस्तावनांत शेठजींची नावे ठळक असतात, लक्ष्मीबाईंचे नाव क्वचितच कोणाला आठवते.)

अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी 1939 ते 1958 या काळात धवलेचे 16 खंड प्रकाशित केले. संपादनात कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचेही साहाय्य होते. नकलांवरून सिद्ध केलेल्या पहिल्या खंडातील 93 व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द नव्हता. संदर्भावरून तो असावा, असे संपादकांनी तळटीपेत सुचविले. पुढे मूडबिद्रीची ताडपत्रे पडताळता आली, तेव्हा तो शब्द तेथे आढळला. स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाशी निगडित असल्याने त्यावर समाजात मोठा वाद झाला.

जयधवलेचे 16 व महाबंधाचे 7 खंड धरता आज एकूण 39 खंड होतात. ते संगणकावर क्षणात उघडतात. बसदीच्या दाराशी हात जोडून उभे राहावे लागत नाही. तथापि नवा स्वाध्यायी एवढ्या राशीपुढे गोंधळतो; कोणती आवृत्ती शोधित, कोणता पाठ ताडपत्राशी ताडलेला, हे सांगणारे जवळ कोणी नसते. कपाटातील खंडांना पुन्हा अर्घ्यच वाहिले जाते, आणि अभ्यास आरंभ होतो तो बहुधा गोम्मटसाराच्या जीवकांडापासूनच.