मायाद्यूत व राजशासन

संगणकावरील खेळांत खोट्या नाण्यांनीं फांसे टाकिले, तर तें द्यूत होय कीं नव्हे, असा प्रश्न आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस केला. विषय या त्रैमासिकास उपरा वाटेल. परंतु आजचीं सरकारें ज्या पेचांत पडलीं आहेत, तो आपल्या ग्रंथकारांस अपरिचित नव्हता, असें आम्हांस वाटतें.

द्यूताविषयीं आपल्याकडे दोन मतें आढळतात. मनु नवव्या अध्यायांत राजानें द्यूत राष्ट्रांतून काढून टाकावें असें सांगतो. इतकेंच नव्हे, तर शहाण्यानें तें थट्टेखातरही खेळूं नये असें बजावतो. उलट, कौटिल्य द्यूतास बंद न करितां बंदिस्त करितो. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापलेल्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणाच्या अखेरीस, हें प्रकरण आहे. द्यूताध्यक्षानें एकाच ठिकाणीं खेळ चालवावा; अन्यत्र खेळणारास १२ पण दंड; फांसे निर्दोष पुरवावे, ते बदलणारास तितकाच दंड; आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा ५ अध्यक्षानें घ्यावे. गुप्तपणें उपजीविका करणारे उघडकीस यावे, हा यांतील हेतु. याज्ञवल्क्यही चोर ओळखण्यासाठीं द्यूत एकमुख करावें असेंच म्हणतो.

आतां अर्वाचीन शासनें पाहूं. पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची व आंत काय निघेल तें दैवावर सोडावयाचें, या प्रकारास ‘लूट बॉक्स’ म्हणतात. बेल्जमच्या द्यूत-आयोगानें २०१८ सालीं कांहीं खेळांतील अशा विकत पेट्या जुगारच होत असें ठरविलें. हा मनूचा मार्ग. दक्षिण कोरियानें मार्च २०२४ पासून कोणती वस्तु किती संभवानें निघते तें जाहीर करणें सक्तीचें केलें. हा कौटिल्याचा, फांसा तपासण्याचाच हा नवा प्रकार होय.

ऑस्ट्रेलियाचा नियम अधिक विचारार्ह आहे. २२ सप्टेंबर २०२४ पासून तेथें जुगाराची नक्कल असलेल्या नव्या खेळांस, त्यांत खरें धन मिळत नसलें तरी, १८ वर्षांखालील मुलांस मनाई करणारा वर्ग मिळतो. विकत पेट्यांच्या खेळांस मात्र किमान ‘एम’ वर्ग पुरतो, हे खेळ १५ वर्षांखालील मुलांस योग्य नव्हेत, एवढाच त्याचा सल्ला, मनाई नाहीं. म्हणजे थट्टेच्या द्यूतास कुलूप, आणि जेथें मुलाचा खरा पैसा दैवावर लागतो तेथें केवळ उपदेश! आपल्या संसदेच्या २०२५ च्या कायद्याची स्थिति याच्या उलट आहे. धनप्राप्तीच्या आशेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, तो मनाई करितो; परंतु थट्टेचें द्यूत त्याच्या व्याख्येंत सहसा येत नाहीं.

कौटिल्याची दृष्टि केवळ लोककल्याणाची नव्हती, शेंकडा पांचावरही होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि दोन्ही मतें एकमेकांस पूरक आहेत. पण लागला असेल तेथें फांसा तपासावा. पण नसेल तेथें संवय तपासावी. विद्यार्थ्यास आमचें उत्तर हें, कीं खोट्या नाण्यांचा खेळ व्यवहारांत द्यूत नव्हे, परंतु द्यूताचें अध्ययन खास होय. आणि बालवयांतील अध्ययन विसरत नाहीं, हें चाळीस वर्षें शिकविल्यावर आम्हांस कोणी सांगावयास नको.