कचेरी, जाते आणि लेखणी

दिवाळी अंक हाती आला, की आपण लेखकाचे नाव वाचतो. त्याचा पोटाचा उद्योग काय, हे कोणी विचारीत नाही. विचारू नयेच म्हणा! करंजी खाताना तळणारीच्या हाताचे चटके कोण मोजतो? परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तराला ही चौकशी केल्यावाचून राहवत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या लिहिणाऱ्यावर अंबाजोगाईचे मोठे दडपण असते. मुकुंदराजांचे हे गाव, तसेच दासोपंतांचेही. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. त्यांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढले. तीच प्रसिद्ध पासोडी. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, असे परंपरा सांगते. हे ऐकत वाढलेल्या माणसाची अशी समजूत होते, की लिहायचे तर आयुष्य त्यालाच वाहिले पाहिजे. शाळेच्या घंटेवर ज्याचा दिवस चालतो, त्याने या वाटेला जाऊच नये!

हे दडपण माझ्यापुरते उतरवले ते शेजारच्या परभणीच्या एका कारकुनाने. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे नाव. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ म्हणून ओळखतो. जन्म 1913 चा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, माझ्याइतकेच. पुढे निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात नोकरी. त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू. ज्या भाषेत लिहायचे, तिला सरकारदरबारी मान नाही आणि पुण्यामुंबईची प्रकाशने दूर, अशा स्थितीत या माणसाने कविता लिहिल्या, कथा लिहिल्या आणि ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘म्हणे लढाई संपली’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या.

त्या नोकरीने त्यांच्याकडून केवळ घेतलेच असे मला वाटत नाही. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव ‘साकी’ आहे. उर्दूची ही लय आणि निजामी मुलखातील मध्यमवर्गीयाची कुचंबणा ही काही दिवाणखान्यात बसून मिळणारी सामग्री नव्हे. मात्र या गोष्टीला गोड मुलामा देण्याचेही कारण नाही. 7 सप्टेंबर 1953 रोजी बी. रघुनाथांना मृत्यू आला तो कचेरीत, काम करीत असताना. वय अवघे 40. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा त्यांचा कवितासंग्रह निघाला तो त्यांच्या मागे.

आता दुसरीकडे पाहू. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत, पुणे नगरपालिकेचा व्याप सांभाळीत. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. दर आठवड्याला अंक निघणारच; त्यामुळे सवड मिळण्याची वाट पाहायलाही सवड नव्हती! खांडेकर 1920 मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली 1930 मध्ये. मधल्या दहा वर्षांत वर्ग, वह्या आणि शाळेची काळजी होती. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

आणि बहिणाबाई चौधरी! त्यांना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या सुचत आणि तोंडून निघत. घरच्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. 1951 मध्ये बाई वारल्या. पुढच्याच वर्षी सोपानदेवांच्या आणि आचार्य अत्र्यांच्या खटपटीने ते काव्य ग्रंथरूपाने आले. कान देणारे कोणी घरात नसते, तर ते पिठाबरोबरच संपले असते.

या सर्वांवरून मला एवढेच कळते, की संसार आणि लेखन यांचे पारडे कधी समतोल होत नाही. ते सदा एका बाजूला झुकलेलेच असते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. कोयत्याबरोबर बिऱ्हाड जाते, बिऱ्हाडाबरोबर माझ्या वर्गातली पोरे जातात. मग कोण गेले, कोण आजीपाशी राहिले, हे पाहत घरोघर हिंडावे लागते. कादंबरीचे प्रकरण आठ-आठ दिवस हलत नाही. परंतु रिकाम्या बाकावरच्या पोराची गोष्ट लिहायची, तर तो बाक रोज पाहणारा माणूस हवा. तो मी आहे, आणि ते माझ्या नोकरीमुळेच. न लिहिता राहून गेले, तर दुसरा कोण लिहील, ही धास्ती मात्र रात्री झोपू देत नाही. बी. रघुनाथांचे चाळीस वर्षांचे आयुष्य आठवले, की ‘सेवानिवृत्तीनंतर निवांत लिहू’ हा बेत मी करीतच नाही. मुले निजल्यावर तासभर मिळतो. त्या तासात जे होईल ते खरे.

म्हणून, वाचकहो, या सणाच्या दिवसांत एक मागणे आहे. तुमच्याही घरात कोणी सून, कोणी कारकून, कोणी शाळकरी पोर हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर काही खरडीत असेल. त्याला ‘यातून काय मिळणार?’ असे विचारू नका. फराळाची भांडी आज दुसऱ्या कोणी घासावीत आणि त्या माणसाला एक तास मोकळा द्यावा.