डब्यावरचा आकडा

नवी मोटारगाडी दारात येऊन उभी राहिली, की तिच्यापुढे नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. आणि गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका मात्र पुढच्या कप्प्यात जशीच्या तशी पडून राहते. पुढे केव्हातरी इंजिनातील तेल बदलण्याची वेळ येते. पुस्तिकेत ‘०-डब्ल्यू-२०’ असा एक चमत्कारिक आकडा छापलेला असतो. त्या आकड्याचे तेल डब्यातून ओतले जात असताना मालकाचा चेहरा उतरतो. ‘हे तर पाण्यासारखे पातळ!’ असे तो म्हणतो. आणि ज्याच्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्या आहेत असा एखादा वयस्कर मिस्त्री त्याला दुजोरा देतो : ‘साहेब, आपल्याकडच्या उन्हाला जाड तेलच पाहिजे.’ मालक आणि मिस्त्री दोघेही प्रामाणिक असतात, आणि बहुधा दोघेही चुकत असतात. त्यांची चूक अडाणीपणाची मात्र नव्हे. तिला इतिहास आहे, आणि तो मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे.

‘वंगण’ हा शब्द मराठीत बैलगाडीच्या आसाबरोबर आला. चाकाचा तुंबा कुरकुरू लागला, की गाडीवान गाडीखाली टांगलेले नळकांडे काढी आणि त्यातील तेलाने भिजलेली चिंधी आसावरून फिरवी. केव्हा घालावे हे कान सांगत, किती घालावे हे बोटे ठरवीत. ही कला जगात सर्वत्र होती. इजिप्तमधील जेहुतीहोतेप याच्या थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे एक चित्र आहे. त्यात दीडशेहून अधिक माणसे एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढीत आहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एकजण घसरगाडीपुढे कसलेसे द्रव ओतीत आहे. वंगण घालणाऱ्या माणसाची इतकी जुनी चित्रे क्वचितच सापडतात.

वाफेची यंत्रे आली तेव्हाही साधन तेच राहिले : जनावरांची चरबी आणि वनस्पतींची तेले. (१८५७ साली ज्या काडतुसांवरून वणवा पेटला, त्यांना लावलेली चरबी हेही एका अर्थी वंगणच होते, गोळी नळीतून सुखाने उतरावी म्हणून ते लावीत.) १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, आणि पुढे हिंदुस्थानातील रेल्वेने एरंडेल तेल दिव्यांना वापरले तसे यंत्रांनाही वापरले. परंतु वाफेचा दाब व उष्णता वाढू लागली, तशी चरबी सिलिंडरात कुजून तिचे आम्ल होऊ लागले, आणि जे वंगण म्हणून घातले तेच धातू खाऊ लागले. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेकच्या विहिरीतून खनिज तेल वर आले. जगाला त्यातील दिव्याचे तेल हवे होते. खाली उरणाऱ्या जड गाळाचे काय करावे हे कोणास ठाऊक नव्हते. जॉन एलिस नावाचा एक डॉक्टर या तेलात औषधी गुण शोधीत होता. औषध काही सापडले नाही. पण १८६६ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की वाफेच्या यंत्राच्या तापलेल्या झडपांना हा जड अंश उत्तम मानवतो. खनिज वंगणाचा व्यापार सुरू झाला तो असा.

तरीही एका प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. तेल घातल्याने घर्षण कमी होते हे खरे, पण ते का होते? तेल धातूच्या अंगाला चोपडले जाते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो, एवढीच समजूत होती. ती मोडली एका लाकडी खुंटीने. इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बोशॅम्प टॉवर या अभियंत्याकडे घर्षणाच्या प्रयोगांचे काम सोपविले होते. रेल्वेच्या डब्याच्या आसासारखा एक आस त्याने तेलात अर्धवट बुडवून फिरविला व त्याच्यावर पितळी बेअरिंग ठेवून भार दिला. वरून तेल घालण्यासाठी त्या बेअरिंगला मध्यभागी भोक पाडले. आस फिरू लागला आणि अघटित घडले : ज्या भोकातून तेल आत जावयाचे, त्यातूनच ते उसळून बाहेर येऊ लागले. टॉवरने भोकात बूच बसविले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरील सरासरी भार चौरस इंचास १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्या वर गेला. म्हणजे फिरता आस आपल्याबरोबर तेल ओढून नेत होता, आणि ते तेल वरचा सगळा भार उचलून धरीत होते. धातूला धातू लागतच नव्हता!

१८८३ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले. निमुळत्या फटीत ओढल्या गेलेल्या तेलात दाब कसा उत्पन्न होतो हे त्यांनी दाखविले. तो दाब आसाच्या वेगावर, फटीच्या आकारावर आणि तेलाच्या दाटपणावर, शास्त्रीय भाषेत श्यानतेवर, अवलंबून असतो. याच निबंधात त्यांनी ऑलिव्हच्या तेलाचा दाटपणा उष्णतेने कसा उतरतो तेही मोजून दिले आहे. तेल फार पातळ झाले तर पापुद्रा तुटतो. फार दाट असेल तर ते हलविण्यातच शक्ती वाया जाते, आणि अरुंद वाटांतून ते वेळेवर पोहोचत नाही. मालक आणि मिस्त्री यांच्या वादाचा निकाल खरे पाहता १८८६ सालीच लागला होता : प्रश्न जाड की पातळ असा नसून, कोणत्या फटीला कोणते, असा आहे. पण गणित पुस्तकात राहिले आणि बोटे आपल्या सवयीप्रमाणे तेल चाचपीत राहिली.

मोटार जन्मास आली तेव्हा तिच्या मालकाला तेल ओळखावे कसे याची काहीच खूण नव्हती. ‘हलके’, ‘मध्यम’, ‘भारी’ असे शब्द डब्यांवर असत, आणि एका व्यापाऱ्याचे मध्यम ते दुसऱ्याचे भारी असे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीत तेलाचा पंपही नव्हता, तेल मोजण्याची काडीही नव्हती. फिरते चाक तेल उडवी आणि ते जाईल तेथे जाई. तेल किती आहे हे पाहण्यासाठी मालकाने गाडीखाली शिरून दोन तोट्यांपैकी वरची उघडावयाची. थेंब न आला तर खालची. तिच्यातूनही न आला तर देवाचे नाव घ्यावयाचे. १९११ साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, तेलांना दाटपणावरून आकडे दिले. आज डब्यावर दिसणारे २०, ३०, ४० हे त्याच आकड्यांचे वंशज होत. या आकड्याने फक्त दाटपणा सांगितला. तेल चांगले की वाईट, याविषयी तो तेव्हाही मुका होता आणि आजही आहे. लोकांनी मात्र मोठा आकडा म्हणजे उंची माल, असा अर्थ करून घेतला.

याच काळात आपल्या ओळखीचे एरंडेल पुन्हा रंगमंचावर आले. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये काढलेल्या कंपनीने खनिज तेलात एरंडेलाचा अंश मिसळून १९०९ साली जे तेल विकावयास आणले, त्याचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून पडले. पहिल्या महायुद्धातील पुष्कळ विमानांची इंजिने स्वत:भोवती फिरणारी होती, आणि त्यांत पेट्रोल तेलाच्या कोठ्यातूनच जाई. पेट्रोलात खनिज तेल विरघळते, एरंडेल सहजासहजी विरघळत नाही. म्हणून त्या विमानांना एरंडेलच लागे. वापरलेले तेल वैमानिकाच्या तोंडावर फवाऱ्यासारखे येई, आणि त्याचे पोटावर होणारे परिणाम मराठी घरातील आजीला सांगावयास नकोत. या तेलाचा दोष असा, की तापून ते चिकट होते व धातूवर लाखेसारखे बसते. त्यामुळे रोजच्या मोटारीत ते टिकले नाही.

चांगुलपणाचा प्रश्न निघाला तो डिझेल इंजिनांमुळे. १९३० नंतरच्या दशकात, साध्या तेलावर चालणाऱ्या जड ट्रॅक्टरांच्या दट्ट्यांची कडी काजळीने जाम होऊ लागली. तेव्हा तेलात साबणाच्या जातीची रसायने मिसळण्यात आली. ती काजळी धुऊन काढतात व तेलातच तरंगत ठेवतात. तेल काळे झाले म्हणजे बिघडले, ही समजूत तेव्हापासून खोटी ठरली आहे. अशा तेलाने काळे होणे हे त्याचे कामच आहे. दाटपणाचा आकडा हे गुण सांगू शकत नव्हता, म्हणून १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने गुणवत्तेची निराळी वर्गवारी सुरू केली, आणि तिच्यातूनच पुढे ‘एस.ए.’, ‘एस.बी.’ अशी चढत जाणारी अक्षरे आली. ‘एस.ए.’ तेलात कोणतेही रसायन नसते, आणि १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही, असे ती संस्थाच बजावते.

उरला तो ‘डब्ल्यू’. तो ‘विंटर’ या शब्दाचा आद्याक्षर होय. थंडीत घट्ट न होणारे आणि उष्णतेत फार पातळ न होणारे, असे एकच तेल १९५० नंतरच्या दशकात लोकांच्या हाती आले. त्यातील लांब रेणू थंडीत आकसून असतात व उष्णतेत पसरून तेलाचा दाटपणा सावरतात. आजच्या नियमानुसार ०-डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ३५ अंशांवर होते, २०-डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. नागपूरला किंवा सोलापूरला एवढी थंडी कोठली, असा आक्षेप मिस्त्री घेतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. आपल्या हवेत ०-डब्ल्यू आणि ५-डब्ल्यू यांतील अंतर थोडेच. पण दुसरा आकडा १०० अंशांवरचा आहे. ‘२०’ क्रमांकाचे तेलसुद्धा त्या उष्णतेत खोलीतील थंड पाण्याच्या किमान सातपट दाट असते. पाण्यासारखे पातळ ते नव्हेच.

मग जाड तेलाचा आग्रह आला कोठून? तो अनुभवातून आला. मुंबईच्या कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्याने १९४७ पासून मोटारी जोडावयास घेतल्या, उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर १९५७ साली आली, आणि पुढची कित्येक वर्षे गाडीसाठी पैसे भरून लोक वाट पाहत बसत. इतक्या सायासाने मिळालेली गाडी वीस-वीस वर्षे चाले. नवी असताना तिला पहिल्या काही शे मैलांत हळू चालवावे लागे, आणि धातूचा कीस घेऊन आलेले पहिले तेल लवकर काढून टाकावे लागे. पुढे कडी झिजत, फटी रुंदावत, धूर निघू लागे. तेव्हा मिस्त्री जाड तेल घाली आणि गाडी आणखी दोन वर्षे ओढी. त्या इंजिनासाठी त्याचा उपचार बरोबर होता. रेनॉल्ड्सचे नावही न ऐकता तो रेनॉल्ड्सचेच गणित सोडवीत होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, अॅल्युमिनियमची हलकी इंजिने आली, फटी अरुंद झाल्या. पुढच्या कित्येक इंजिनांत झडपांची वेळ बदलण्याचे कामही तेलाच्या दाबावर होऊ लागले. तेल आता नुसते वंगण राहिले नाही, ते यंत्राचा हात झाले. मिस्त्रीचा उपचार तोच राहिला, रोगी बदलला.

गाडीतील इतर द्रवांची कथाही अशीच आहे. जुन्या हायड्रॉलिक ब्रेकांत एरंडेल आणि अल्कोहोल यांचेच मिश्रण असे. आजचे ब्रेकचे तेल बहुधा ग्लायकोल जातीचे असते आणि ते हवेतील ओल शोषते; कोकणासारख्या दमट हवेत ते दोनएक वर्षांनी बदलणे हा खर्च नव्हे, कारण ओल शोषलेले तेल घाटाच्या उतारावर उकळते आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्याची सवयही जुन्या लोखंडी इंजिनांची. नव्या गाडीतील रंगीत द्रव उष्णता वाहून नेतो, आणि त्यातील रसायने अॅल्युमिनियमला गंजापासून राखतात. अमेरिकेत तर स्वयंचलित गिअरच्या तेलात देवमाशाचे तेल घातले जाई. १९७० च्या सुमारास त्याच्यावर बंदी आली आणि रसायनज्ञांना पर्याय शोधताना घाम फुटला.

१ एप्रिल २०२० पासून भारतात धुराचे नवे नियम आले. डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी बसली, आणि जुन्या प्रकारच्या तेलातील राखेने ती गाळणी बुजू लागते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल सांगितलेले असते. उलट, जपून ठेवलेल्या एखाद्या जुन्या फियाटला आजचे सर्वांत नवे, सर्वांत महाग, पातळ तेल घातले तर तिचे नुकसानच होण्याचा संभव. तिच्या झडपांना लागणारे जस्त व फॉस्फरस नव्या तेलांत कमी केलेले आहे. एकाच दुकानाच्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी असतात. नव्या गाडीचा मालक पुस्तिका उघडून ‘०-डब्ल्यू-२०’ मागतो, फियाटचा म्हातारा मालक ‘२०-डब्ल्यू-५०’ मागतो, आणि दुकानदार दोघांनाही विचारतो, ‘साहेब, गाडी कोणती?’