वाऱ्याला वळण: मोटारसायकलच्या विंडशील्डचा इतिहास

मोटारसायकलवर स्वारापुढे उभी केलेली पारदर्शक काच, म्हणजे विंडशील्ड, ही आज लांब पल्ल्याच्या प्रवासातील सर्वपरिचित सोय असली, तरी तिचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. वारा अडवण्यासाठी ती निर्माण झाली. पण वारा अडवून थांबत नाही, त्याला वळवावे लागते, आणि वळवलेला वारा स्वाराच्या शरीरावर नेमका कुठे येऊन पडतो यावर प्रवासातील आराम ठरतो, हे उमजण्यात कित्येक दशके गेली. या काळात कारखाने काचा घडवत राहिले आणि स्वार त्या कापत, वाकवत, त्यांना भोके पाडत व वर जोडकाचा लावत राहिले. या फेरबदलांना हौस म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण विंडशील्डच्या विकासाची दिशा मोठ्या प्रमाणात त्यांनीच दाखवून दिली.

या फेरबदलांची गरज समजून घेण्यासाठी वाऱ्याच्या वागणुकीची दोन सूत्रे लक्षात घ्यावी लागतात. पहिले असे की, हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका भरतो, आणि तो छातीवर झेलत हँडल घट्ट धरून तासन्‌तास बसणाऱ्या स्वाराचे खांदे, मान व मनगटे थकून जातात. दुसरे असे की, काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा सरळ रेषेत पुढे जात नाही. नदीच्या पात्रातील खडकामागे पाणी घुमावे तशी ती काचेमागे घुमते आणि तिच्यात लहानमोठे भोवरे तयार होतात. वर वेगाने वाहणारी हवा आणि काचेमागची मंद हवा यांच्या सीमेवरचा हा खळबळता पट्टा हेल्मेटवर येऊन आदळला, तर डोके सतत हादरत राहते. स्वार या हादऱ्यांना बफेटिंग म्हणतात. त्यातच काचेमागे हवेचा दाब घटल्यामुळे मागची हवा पुढे ओढली जाते आणि स्वाराला पाठीवर ढकलल्यासारखे जाणवते. त्यामुळे काच जितकी मोठी तितका आराम अधिक, हा स्वाभाविक वाटणारा समज प्रत्यक्षात अनेकदा खोटा ठरतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वाराचे संरक्षण मुख्यतः पोशाखावर, म्हणजे चामडी कोट, गॉगल आणि लांब हातमोजे यांवर सोपवलेले होते. साधी काच फुटून जखमा करणारी, तर सेल्युलॉइड हे आद्य प्लास्टिक उन्हाने पिवळे पडणारे व चटकन पेट घेणारे असल्यामुळे चांगल्या विंडशील्डला योग्य द्रव्यच उपलब्ध नव्हते. १९३०च्या दशकात ही अडचण दूर झाली. जर्मनीतील ऑटो रोहम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास या नावाने ॲक्रिलिकची नोंदणी केली आणि ब्रिटनमध्ये त्याच जातीचे द्रव्य पर्स्पेक्स या नावाने बाजारात आले. हलके, स्वच्छ पारदर्शक आणि उष्णता देऊन हवे तसे वाकवता येणारे हे प्लास्टिक दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छतांसाठी प्रचंड प्रमाणात वापरले गेले. पुढे १९५३ मध्ये जर्मनीतील बायर आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांच्या प्रयोगशाळांत, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, पॉलिकार्बोनेट हे त्याहून कितीतरी चिवट प्लास्टिक सिद्ध झाले. आजच्या बहुतेक विंडशील्ड या दोन द्रव्यांपैकीच एकाच्या असतात.

द्रव्य मिळाले तरी आकाराचे ज्ञान प्रथम शर्यतींच्या क्षेत्रात वाढले, आणि तेथील उद्दिष्ट आरामाचे नसून वेगाचे होते. इटलीतील कोमो सरोवराकाठच्या मान्देल्लो देल लारिओ येथे मोटो गुझ्झी कंपनीने १९५०च्या सुमारास पूर्ण आकाराची मोटारसायकल स्वारासह तपासता येईल असा वातबोगदा, म्हणजे यंत्राने वारा सोडून वस्तूभोवतीचा हवेचा प्रवाह मोजण्याची बंदिस्त जागा, उभारला. या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर पुढचे चाकही पूर्ण झाकणारी फेअरिंग, म्हणजे हवेला वळण देणारी बाह्य कवचे, रूढ झाली. वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात अशी गाडी सावरणे कठीण जाऊ लागले, आणि आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७चा हंगाम संपताच अशा फेअरिंगवर बंदी घातली. गाडीच्या पुढच्या भागात वाढवलेला प्रत्येक पृष्ठभाग तिच्या तोलावर परिणाम करतो, हा या प्रकरणाचा धडा रस्त्यावरच्या विंडशील्डलाही तितकाच लागू पडतो.

सामान्य प्रवाशाच्या आरामाचा विचार त्याच काळात ब्रिटनमध्ये सुरू झाला होता. व्हिन्सेंट कंपनीने १९५४ मध्ये ब्लॅक प्रिन्स व ब्लॅक नाइट या फायबरग्लासच्या कवचाने झाकलेल्या गाड्या सादर केल्या, पण पुढच्याच वर्षाअखेर कंपनीचे मोटारसायकल उत्पादन थांबले. रॉयल एन्फील्डने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एअरफ्लो नावाची मोठी फेअरिंग आणली, तर १९५८ मध्ये व्हॅल पेज यांनी आरेखित केलेली एरियल लीडर पायांसमोरची ढाल व विंडशील्ड यांसह बाजारात उतरली. काचेची वरची कड वरखाली करता यावी अशी जोडकाचही तिच्यासाठी मिळत असे. एकच उंची सर्वांना पुरणार नाही, याची ही लवकर मिळालेली जाणीव होती. मात्र ब्रिटिश मोटारसायकल उद्योगच पुढील दशकात उतरणीला लागल्याने ती तेथे रुजली नाही.

ही जाणीव खऱ्या अर्थाने फोफावली ती अमेरिकेतील महामार्गांवर. इलिनॉय विद्यापीठात औद्योगिक आरेखनाचे शिक्षण घेतलेल्या क्रेग व्हेटर यांनी १९६६ मध्ये फेअरिंग बनवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी विंडजॅमर ही फेअरिंग बाजारात आणली. तिचे कवच एकच असे, पण निरनिराळ्या गाड्यांसाठी जोडणीचे ब्रॅकेट निरनिराळे मिळत, त्यामुळे जपानी असो वा युरोपीय, जवळजवळ कोणत्याही मोठ्या मोटारसायकलला ती बसवता येई. ती हँडलवर न बसवता गाडीच्या सांगाड्यावर पक्की केली जाई. हँडलवर बसवलेली मोठी काच वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट सुकाणूत पोचवते, तर सांगाड्यावरची फेअरिंग तो भार गाडीच्या अंगावर घेते. व्हेटर यांनी १९७८ मध्ये कंपनी विकली, तोवर खंड ओलांडणाऱ्या हजारो अमेरिकी स्वारांनी आपल्या उघड्या गाड्यांना ही फेअरिंग स्वतःच्या हातांनी जोडली होती, आणि लांबच्या प्रवासाला वाऱ्यापासून संरक्षण लागते ही मागणी बाजारात उघड झाली होती.

कारखान्यांनी या मागणीला उत्तर दिले, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा होता. हार्ले-डेव्हिडसनने १९६९ मध्ये इलेक्ट्रा ग्लाइडला बॅटविंग फेअरिंग दिली, जी हँडलबरोबर वळत असे, आणि १९८०च्या टूर ग्लाइडवर सांगाड्याला जोडलेली फेअरिंग आणली. बीएमडब्ल्यूने १९७६च्या आर १०० आरएसची फेअरिंग हान्स मुथ यांच्या आरेखनानुसार इटलीतील पिनिनफारिनाच्या वातबोगद्यात पारखून घेतली आणि १९७८ मध्ये सरळ बसणाऱ्या प्रवाशासाठी अधिक उंच आडोशाची आरटी सादर केली. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये फेअरिंगविना आली होती. व्हेटरसारख्यांचा माल तिच्यावर सर्रास चढवला जात असल्याचे दिसत असताना १९८० मध्ये कंपनीने स्वतःच्या फेअरिंगसह इंटरस्टेट हा नमुना आणला.

याच सुमारास प्रश्नाचे स्वरूपही पालटले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बेल कंपनीचे स्टार हे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आले आणि पुढे असे हेल्मेट सर्वत्र रूढ झाले. डोळे, चेहरा व श्वास यांचे रक्षण आता हेल्मेटच करू लागल्याने विंडशील्डचे मुख्य काम थंडी व कीटक अडवण्याकडून हादरे आणि आवाज कमी करण्याकडे सरकले. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आतील वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि दिवसभर कामाच्या ठिकाणी सुरक्षित मानलेली मर्यादा ८५ डेसिबलची आहे, हे ध्यानात घेतले, तर काचेच्या कडेवरील दोनचार सेंटीमीटरांच्या फरकासाठी स्वार इतके का झगडतात ते कळते.

या झगड्यातून फेरबदलांची एक शिस्त तयार झाली. तिचा पहिला नियम असा की, स्वाराने काचेतून न पाहता तिच्या कडेवरून पाहावे, म्हणजे कड साधारण नाकाच्या उंचीला असावी. पावसात ओली, रात्री समोरच्या दिव्यांनी उजळलेली किंवा चरे पडलेली काच नजरेच्या आड आली, तर आरामाच्या मोबदल्यात सुरक्षितता जाते. काच उंच असल्यास ती बारीक दातांच्या करवतीने कापून कड घासून गुळगुळीत करावी, आणि ठेंगणी असल्यास वर जोडकाच लावावी. ती मूळ काचेपासून थोडी फट ठेवून बसवली, तर फटीतून जाणारी हवा भोवऱ्यांचा जोर मोडते. काचेचा कोन बदलणारे ब्रॅकेट आणि काचेच्या तळाशी ठेवलेली झरोक्यासारखी फट हे त्यापुढचे उपाय होत. झरोक्यातून आत आलेली हवा काचेमागचा घटलेला दाब भरून काढते आणि पाठीवरचा रेटा ओसरतो. या कामात द्रव्याचा स्वभाव जाणावा लागतो: ॲक्रिलिकला घाईने भोक पाडले तर ते तडकते, पॉलिकार्बोनेट तडकत नाही पण पेट्रोल वा तीव्र द्रावक लागल्यास त्यावर बारीक भेगांचे जाळे उठते, आणि दोन्हींत स्क्रूचे भोक किंचित मोठे ठेवून रबरी वॉशर घातल्यावाचून उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाला जागा मिळत नाही.

कारखान्यांनी पुढे हे उपाय आपलेसे केले. १९९०च्या दशकाच्या आरंभी बीएमडब्ल्यूच्या के ११०० एलटीवर चालत्या गाडीत बटण दाबून वरखाली होणारी काच आली; हार्ले-डेव्हिडसनने २०१४च्या नमुन्यांत बॅटविंग फेअरिंगला डोक्याचे हादरे कमी करणारा हवेचा झरोका दिला; आणि गोल्ड विंगला २०१८च्या नव्या पिढीत विजेवर सरकणारी काच मिळाली.

महाराष्ट्रात हा विषय अलीकडचा, पण त्याची नाळ स्थानिक उद्योगाशी जोडलेली आहे. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोने ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉमिनार ४०० ही मोटारसायकल प्रवासोपयोगी साधनांसह सादर केली आणि तिची उंच काच संगणकीय प्रवाहगणिताच्या, म्हणजे हवेच्या हालचालीच्या संगणकावर केलेल्या आकडेमोडीच्या आधारे घडवल्याचे जाहीर केले. मात्र येथील स्वाराचे गणित अमेरिकी महामार्गावरच्या स्वाराहून निराळे आहे: मे महिन्यातील विदर्भात किंवा कोकणच्या दमट हवेत छातीवरचा वारा पूर्ण तोडणारी काच त्रासदायक ठरते, आणि सह्याद्रीच्या घाटांत पावसाळी धुक्यातून उतरताना काचेवरून मोकळी नजर राहणे अनिवार्य असते. म्हणूनच मध्यम उंचीची, झरोका असलेली आणि हंगामानुसार कोन बदलता येणारी काच येथे सर्वांत उपयुक्त ठरते.

सात-आठ दशकांच्या या प्रवासाचे सार एका गोष्टीत सांगता येते. वातबोगदा हवेचा प्रवाह अचूक मोजतो, पण त्यात बसवलेला स्वार एकच असतो. रस्त्यावरच्या स्वारांची उंची, खांद्यांची रुंदी, बसण्याची ढब आणि हेल्मेटचा आकार मात्र प्रत्येकागणिक वेगळा असतो. त्यामुळे आपली काच आपल्या अंगाला जुळवून घेणारा स्वार आरेखकाचे काम बिघडवत नाही, तो ते पूर्ण करतो. आणि उत्तम विंडशील्ड तीच, जिने या जुळवणीला आधीपासून जागा ठेवलेली असते.