डोंगरावरचा काळोख

आकाशाचे छायाचित्र घ्यावयाचे तर आधी डोंगर चढावा, हे ज्योतिर्विदांना फार पूर्वीच उमगले होते. खाली धूळ, धुके आणि गावाचे दिवे; वर विरळ, स्थिर हवा. एडवर्ड बर्नार्ड हा अमेरिकन ज्योतिर्विद १९०५ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर गेला, तो याच ओढीने. डोंगर सुमारे ५,७०० फूट. आपल्या कळसूबाईहून काहीसा उंचच. वाट अरुंद, चढण अंगावर येणारी. गाडीरस्ता नव्हता, अवजड सामान खेचरांच्या पाठीवरून वर न्यावयाचे. बर्नार्ड ज्या यर्किस वेधशाळेत नोकरीस होता, ती बरीच उत्तरेला. तेथून वृश्चिकाकडील आकाशगंगा क्षितिजालगत राही. या दक्षिणेकडच्या डोंगरावरून ती चांगली वर दिसे.

या माणसाची शाळा म्हणाल तर जेमतेम दोन महिन्यांची. जन्म १८५७ चा, नॅशव्हिल गावचा. वडील जन्मापूर्वीच वारलेले. नवव्या वर्षी तो एका छायाचित्रकाराकडे कामाला लागला. तेथे छपरावर सूर्यप्रकाशाच्या बळाने लहान चित्राचे मोठे करणारे एक यंत्र होते. सूर्य सरकेल तसे ते हाताने फिरवीत बसावयाचे, हेच पोराचे काम. आधीची मुले कंटाळून झोपी जात. हा जागा राही.

डोंगरावर तरी त्याने दुसरे काय केले? सूर्याच्या जागी तारा आला, इतकेच. काच उघडी ठेवून, दुर्बिणीतील धाग्यांच्या छेदावरून तो तारा हलू न देता चार-चार तास डोळा लावून बसायचे. असे आठ-नऊ महिने.

त्या काचांवर ताऱ्यांच्या राशी उमटल्या आणि त्यांच्यामधून गेलेल्या काळ्या गल्ल्याही. ही आकाशाला पडलेली भोके, असा जुना समज. बर्नार्डचाही कल बराच काळ तिकडेच होता. पण आपल्याच काचा पुन:पुन्हा न्याहाळता त्याचे मत पालटले. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ काळ्या स्थळांची यादी प्रसिद्ध केली. ती भोके नव्हेत, मागचे तारे झाकणारे वायूचे व धुळीचे मेघ आहेत, हे आज सर्वमान्य आहे. नवे तारे जन्मतात तेही अशाच मेघांच्या पोटी.

बर्नार्ड १९२३ मध्ये वारला. आकाशगंगेच्या छायाचित्रांचा त्याचा ग्रंथ निघाला १९२७ मध्ये, अवघ्या ७०० प्रतींचा. त्यांसाठी काढलेले एकूण एक छायाचित्र त्याने स्वत: तपासून ठेवले होते. आज लॉस एंजेलिसच्या दिव्यांनी माउंट विल्सनचे आकाश उजळून गेले आहे. तो काळोख आता तेथे उरलेला नाही.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. गावाकडे असाल तर पणत्या लावून झाल्यावर जरा शेताच्या बांधापर्यंत जा आणि पश्चिमेकडे पाहा. हंसाकडून श्रवणाकडे आकाशगंगा उतरलेली दिसेल आणि तिच्या मधोमध एक काळी चीर. मुलांनी विचारले, तर ती जागा रिकामी आहे असे मात्र सांगू नका.