कृपाबाई सत्यनाथन : मद्रासमधील एक मराठी विद्यार्थिनी

मराठी कादंबरीच्या इतिहासात कृपाबाई सत्यनाथन यांचे नाव आलेच तर ते एखाद्या तळटीपेत येते. त्यांनी इंग्रजीत लिहिले, हे त्याचे उघड कारण होय. परंतु भाषा परकी म्हणून अनुभवही परका, असे मानणे आपणांस परवडणारे नाही.

१८६२ साली अहमदनगर येथे, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या हरिपंत व राधाबाई या ब्राह्मण दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. विलायतेस जाऊन वैद्यक शिकण्याची संधी प्रकृतीमुळे हुकली, तेव्हा १८७८ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेथे १८७५ पासून मेरी शार्लीब आदी स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता. (बॉस्टनमध्ये रिबेका ली क्रंपलर ही कृष्णवर्णीय स्त्री १८६४ सालीच वैद्यकाची पदवीधर झाली होती.) रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी राहून कृपाबाईंनी पहिले वर्ष उत्तम रीतीने पार पाडले, पण प्रकृती ढासळली आणि अभ्यास कायमचा सुटला. पुढे त्याच घरातील सॅम्युएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

वैद्यकाने जे गमावले, ते ‘सगुणा’ने मिळवले. १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आलेली ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आजही टवटवीत वाटते, ती तिच्यातील ज्ञानतृष्णेमुळे. त्या काळचे सुधारक बहुधा सुगृहिणी घडविण्याकरिता स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करीत. सगुणेला ज्ञान हवे ते स्वतःसाठी. थोरला भाऊ भास्कर तिच्या मनात ही ओढ जागवितो. अधिक धारिष्ट्याची गोष्ट म्हणजे, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असूनही लेखिका गोऱ्या मिशनरी स्त्रियांच्या वर्णाभिमानावर बोट ठेवते. धर्म एक झाला तरी पंगत वेगळी, हे तिने पुरते ओळखले होते. भाषाशैलीत व्हिक्टोरियन अलंकरण जागोजाग डोकावते, हे नाकारण्याचे कारण नाही.

‘कमला’ मात्र मला अधिक अस्वस्थ करते. सासुरवास सोसलेली, वैधव्य आलेली ही नायिका अखेरीस पुनर्विवाहाची मागणी नाकारून परोपकारात आयुष्य घालविते. पुष्कळांना येथे लेखिका कचरली असे वाटेल. मला वाटते, निवड करण्याचा अधिकार आधी कमलेच्या हाती आला, यावर तिचा भर असावा. तरी शेवट घाईचा झाला आहे, हे खरेच.

१८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई मद्रासमध्ये निवर्तल्या. ‘कमला’ त्याच वर्षी ग्रंथरूपाने आली, ‘सगुणा’ पुढच्या वर्षी. आणि दोन्ही लवकरच तमिळमध्ये उतरल्या.